विशालकोनी भिंग

विशालकोनी भिंग किंवा वाइड अँगल लेन्स हे सर्वसाधारण भिंगापेक्षा अधिक रुंद दृश्य टिपणारे छायाचित्रणाचे भिंग होय. ३६ × २४ मिमी आकाराच्या सेन्सरसाठी साधारणतः ३५ मिमी किंवा त्याहून कमी नाभीय अंतर असलेली भिंगे या प्रकारात मोडतात.

दृश्यक्षेत्रातील फरक

अशा सेन्सरवर २४ मिमी व २८ मिमी भिंगांचे कर्णरेषेवरील दृश्यकोन अनुक्रमे सुमारे ८४° व ७५° असतात. ३ मीटर दूर असलेल्या भिंतीचा ४.५ मीटर रुंद भाग पहिल्यात मावतो, तर दुसऱ्यात सुमारे ३.९ मीटर. २०० व २०४ मिमी भिंगांतही ४ मिमीचाच फरक असतो, पण तो जवळजवळ जाणवत नाही. कारण दृश्याची रुंदी नाभीय अंतरांच्या वजाबाकीवर नव्हे, तर गुणोत्तरावर ठरते.

निवड

मागे सरकण्यास जागा नसलेल्या खोलीत २४ मिमी भिंग उपयोगी पडते. मात्र चौकटीच्या कडेचे चेहरे त्यात अधिक ताणलेले दिसतात. म्हणून समूहचित्रासाठी २८ मिमी भिंग अधिक सोयीचे ठरते. २४ मिमी भिंगाने घेतलेल्या छायाचित्राच्या कडा कापून २८ मिमी भिंगाचे दृश्य मिळवता येते व सुमारे ७३ टक्के चित्रबिंदू शिल्लक राहतात. याउलट, चौकटीबाहेर राहिलेला भाग नंतर मिळवता येत नाही. सेन्सर १.५ पट लहान असल्यास २४ मिमी भिंगाचे दृश्यक्षेत्र ३६ मिमी भिंगाएवढेच उरते. त्यामुळे भिंग निवडण्यापूर्वी सेन्सरचा आकार पाहणे आवश्यक असते.