मामांचा मारिओ हळू का पळत होता?



दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. जळगावच्या आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अकरावीचे दोन विद्यार्थी हुज्जत घालीत होते. त्यांपैकी एकजण धुळ्याला मामांकडे जाऊन आला होता. मामांच्या लहानपणचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ त्याने त्यांना आपल्या फोनवर दाखवला. मामा दोन मिनिटे खेळले आणि म्हणाले, "खेळ तोच आहे, पण हा फार पळतो रे बाबा. आमचा असा नव्हता."

भाच्याचे म्हणणे असे, की मामांचे आता वय झाले, म्हणून त्यांना तसे वाटते. मित्राचे म्हणणे असे, की जुने यंत्र खिशातल्या फोनवर हुबेहूब उतरवणे मुळी शक्यच नाही. मी म्हटले, भांडता कशाला? आधी गणित करू, मग प्रयोग करू. चला, तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

यंत्राच्या पोटात यंत्र

१९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे घरोघरी 'टीव्ही गेम' आला. त्यात वरून 'कॅसेट' खोचली की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळ सुरू होई. त्यांतील बहुतेक यंत्रे ही निनटेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात विकायला काढलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'च्या नकला होत्या. कॅसेटमध्ये फीत नसे. असे ती एका छोट्या चकतीत कोरलेली आज्ञांची यादी. या आज्ञा फक्त त्या यंत्राच्या प्रक्रियकालाच कळत. फोनच्या प्रक्रियकाची भाषा निराळी. तेव्हा मध्ये एक दुभाषा हवा. हा दुभाषा म्हणजे 'एम्युलेटर' नावाची आज्ञावली; आपण तिला 'अनुकारक' म्हणू. ती जुनी आज्ञा वाचते, तिचा अर्थ लावते आणि तेच काम फोनकडून करवून घेते. पुरेशी स्मृती आणि पुरेसा वेळ दिला, तर एक गणनयंत्र दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राची नक्कल करू शकते, हे तत्त्व अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच मांडले होते. तेव्हा प्रश्न शक्यतेचा नाही, वेळेचा आहे.

आता गणित

जुन्या प्रक्रियकाचे घड्याळ सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देई. एका आज्ञेला सरासरी तीन-चार ठोके लागतात असे धरले, तर सेकंदाला सुमारे ५ लाख आज्ञा झाल्या. समजा, एका आज्ञेच्या नकलेसाठी फोनला २० कामे करावी लागतात. झाली १ कोटी कामे.

चित्राचे काम याहून मोठे. पडद्यावर २५६ × २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ३६,८६,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २० कामे धरली तर सुमारे ७ कोटी ३७ लाख. आवाज धरून एकूण १० कोटी म्हणू. आजच्या साध्या फोनच्या प्रक्रियकाचे घड्याळही सेकंदाला १०० कोटींहून अधिक ठोके देते. म्हणजे दसपट जागा शिल्लक!

पण मित्राची शंका अगदीच पोकळ नव्हती. १९९० साली आलेल्या 'सुपर फॅमिकॉम'च्या प्रक्रियकाचा वेग जास्तीत जास्त ३५ लाख ८० हजार ठोक्यांचा. त्याची काटेकोर नक्कल करणाऱ्या 'बीएसएनईएस' या अनुकारकाच्या कर्त्याने २०११ साली दाखवून दिले, की पूर्ण अचूकपणासाठी सुमारे ३०० कोटी ठोक्यांचा संगणक लागतो. असे का? जुन्या यंत्रात प्रक्रियक, चित्राची चकती आणि आवाजाची चकती एकाच वेळी आपापले काम करीत. नक्कल करणारा मात्र एकटा. एकशिक्षकी शाळेतले गुरुजी आठवा. पहिलीला पाढे सांगायचे, लगेच दुसरीकडे वळायचे, मग तिसरीकडे. आणि कोणताही वर्ग क्षणभरही मागे पडता कामा नये!

उलट, कमी शक्तीत चतुराईनेही काम भागते. २००१ साली आलेल्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या हातातल्या यंत्राचा वेग जेमतेम १ कोटी ६८ लाख ठोक्यांचा. आपल्या गणिताप्रमाणे ते नापास व्हायला हवे. तरी 'पॉकेटएनईएस' हा अनुकारक त्यावर चालला. त्याने प्रत्येक ठिपका स्वतः रंगवला नाही. ते काम त्या यंत्रातील चित्रे जुळवणाऱ्या भागावर सोपवले. मात्र पडद्यावर ओळी १६० आणि मूळ चित्रात २४०; त्यामुळे चित्र दाबावे किंवा कापावे लागले.

मग मामांचे काय?

जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला ६० चित्रे दाखवी. आपल्याकडील पद्धत 'पाल'. ती ५० चित्रांची. या पद्धतीसाठी बनवलेली नकली यंत्रेही ५० चित्रे देत. आता गंमत पाहा. मारिओच्या खेळात कोपऱ्यात एक आकडा उतरत असतो. तो सेकंदांनी नव्हे, चित्रांनी मोजलेला असतो. दर २४ चित्रांना तो एकाने कमी होतो. ६० चित्रांच्या यंत्रावर २४ ÷ ६० = ०.४ सेकंद. ५० चित्रांच्या यंत्रावर २४ ÷ ५० = ०.४८ सेकंद. म्हणजे १०० आकडे उतरायला एकीकडे ४० सेकंद, दुसरीकडे ४८!

पुढच्या रविवारी आम्ही तिघे धुळ्याला गेलो. मामांनी माळ्यावरून जुने यंत्र आणि काचेच्या नळीचा जुना टीव्ही खाली काढला. भाच्याने मनगटी घड्याळ धरले. फोनवर भरले ४० सेकंद. मामांच्या यंत्रावर ४८. भाचा ओशाळून हसला. तीस वर्षांनंतरही मामांच्या कानाडोळ्यांनी एक-षष्ठांश फरक बरोबर ओळखला होता!

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. संगीताची लय संथ होती, पण सूर जवळजवळ तोच. तबकडी हळू फिरवली तर लय आणि सूर दोन्ही उतरतात. इथे तसे का नाही? कारण लय चित्रांच्या गतीवर ठरते आणि सुराची उंची प्रक्रियकाच्या घड्याळावर. अशा नकली यंत्रांतले घड्याळ सुमारे १७ लाख ७३ हजार ठोक्यांचे, म्हणजे मुळाच्या अगदी जवळचे.

तात्पर्य, फोनने नक्कल चोख केली होती. पण ती जपानच्या यंत्राची, धुळ्याच्या नव्हे. बऱ्याच अनुकारकांत ५० चित्रांचा पर्याय असतो. तो निवडताच मामा म्हणाले, "हां, हा आमचा!"

खेळासाठी एवढा खटाटोप?

तुम्ही विचाराल, हे सारे कशासाठी? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यातच निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने तेथे जपली आहेत. परंतु मोडी वाचणारा माणूसच उरला नाही, तर तो कागद असून नसल्यासारखा. कॅसेटचे तसेच आहे. आज्ञा शाबूत राहतील, पण त्या वाचणारे यंत्र एक दिवस बंद पडेल. मग अनुकारक हाच तिचा मोडीवाचक. आणि नोंद करताना 'सेकंदाला किती चित्रे' हे लिहायचे राहिले, तर आपल्या गावचा खेळ कसा होता ते पुढच्या पिढीला कळणार नाही.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. अनुकारक बनवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या मालकीचा खेळ परवानगीवाचून उतरवून घेणे वेगळे. हौशी लोकांनी स्वतः लिहून सर्वांना मोकळे केलेले खेळही मिळतात. प्रयोगाला ते घ्यावेत. त्या भाच्यालाही मी हेच सांगितले.

जाता जाता एक उदाहरण. मारिओच्या पहिल्या टप्प्यात आकडा ४०० पासून उतरू लागतो. मामांना जपानी मुलांपेक्षा किती सेकंद जास्त मिळत होते? आणि खेळातली प्रत्येक हालचालही तेवढीच संथ होत असेल, तर त्या जादा वेळेचा मामांना खरेच फायदा झाला का? उत्तर वहीत लिहा, आणि पुढच्या तासाला आपल्या शिक्षकांशी त्यावर वाद घाला.