न्हाणीतील हिटर आणि तिसरी तार

आमच्या ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. कोळशाच्या उष्णतेपासून वीज होते आणि थंडीच्या दिवसांत घरोघरी त्याच विजेची पुन्हा उष्णता केली जाते. पूर्वी चुलीवर तापलेले पाणी गंगाळात ओतीत. आता बकेटीत हिटरचा रॉड सोडतात. वीज आणि पाणी इतकी जवळ घरात दुसरीकडे कोठे येत नाहीत. मी कला शाखेचा विद्यार्थी, तरी या विषयावर लिहावेसे वाटले, कारण "फ्यूज आहे ना, मग भीती कसली?" हे वाक्य वारंवार कानी पडते.

फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या प्लगला तो जडच. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. अशा ठिकाणचा फ्यूज १६ अँपिअरच्या वर प्रवाह गेल्याखेरीज वितळत नाही. ओल्या शरीराचा रोध मात्र हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. त्यातून जाणारा पाव अँपिअरहून थोडा कमी प्रवाह प्राण घेण्यास पुरेसा असतो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाला वाचवते ती तिसरी तार, अर्थिंगची. रॉडच्या धातूच्या नळीत वीज उतरली, तर ही तार तिला जमिनीकडे सोपी वाट देते; मोठा प्रवाह वाहतो आणि मग फ्यूजही जातो. प्लगची तिसरी पिन लांब असते ती याचसाठी. ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. प्लगच काढून टाकून उघड्या तारा बोर्डात काडीने खोचणाऱ्या महाभागांना काय म्हणावे!

काही वायरमन तिसरी पिन न्यूट्रललाच जोडून देतात. हे फार घातक. मागे न्यूट्रल तुटली की रॉडमधून आलेली फेज त्या जोडाने नळीवर येते, रॉडमध्ये काही बिघाड नसतानाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरतात, पण ओलावा हवाच. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात जमीन वाळते आणि तिचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी ओतत राहावे.

याच्या जोडीला आर.सी.सी.बी. बसवावा. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा आहे का, एवढेच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्याला मात्र तोही वाचवू शकत नाही.

पाणी तापले का, हे बोट बुडवून पाहण्याची सवय सर्वांनाच असते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच बोट पाण्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही. ते फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असले, तर बंद बटणानंतरही रॉडमध्ये वीज असतेच.