भाजी नसलेल्या दिवसाची भाजी

महिनाअखेर आलेली असते, वैशाखाच्या उन्हात पालेभाज्या महागलेल्या असतात. अशा वेळी धुळ्यात पांझरेपलीकडच्या देवपुरात बेसनाचा डबा काढला जातो आणि डुबुकवड्यांचा बेत ठरतो. पाटवडीचा रस्सा, शेवभाजी, डुबुकवडे या तिन्ही खानदेशी पदार्थांत भाजीची जागा हरभऱ्याच्या पिठाने घेतली आहे. कमी पैशांत पोटभर जेवायचं, तर ताटातलं काही कमी करण्यापेक्षा डाळीला जास्त कामं द्यावीत, हे या स्वयंपाकाचं शहाणपण.

चौघांच्या रश्श्याला दोन कांदे आणि सुक्या खोबऱ्याचा एक तुकडा पुरतो. कांदा थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजायचा, खोबरं खरपूस करायचं आणि लसूण, आलं, कोथिंबिरीसह बारीक वाटायचं. हे वाटण तीन चमचे तेलात, तेल सुटेपर्यंत परतायचं. घाई करू नये. कच्च्या वाटणाची कसर जास्तीच्या तेलाने भरून निघत नाही. मग तिखट, हळद, काळा मसाला, मीठ आणि पाच वाट्या गरम पाणी.

वाटीभर बेसनात तिखट, मीठ, ओवा घालून घट्टसर भिजवायचं. रस्सा खळखळ उकळू लागला की बोटांनी छोटे गोळे सोडायचे. रस्सा कोमट असेल किंवा पीठ सैल असेल, तर वडे विरघळतात. उकळीत पडलेल्या वड्याचं वरचं पीठ लगेच शिजून धरतं, म्हणून तो आकार सोडत नाही. वडे वर तरंगले की आणखी सात-आठ मिनिटं शिजवायचे. थोडं बेसन रश्श्यात उतरतंच, त्यानेच रस्सा दाट होतो.

सोबत कळण्याची भाकरी. किलोभर ज्वारीला साधारण पाव किलो सालीचे उडीद आणि थोडं मीठ घालून दळून आणायचं. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना कमी चिरते. पोषणाचा हिशेबही जुळतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत ते भरपूर. डाळींत मिथिओनिन कमी, ते ज्वारीतून मिळतं. शंभर ग्रॅम बेसनात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे रश्श्यातही डाळ आणि भाकरीतही डाळ. हे जेवण जडही आहे आणि सकसही.

देवपुरात शिकायला येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांनी हे जरूर करून बघावं. एक शेगडी, एक पातेलं, एक तवा एवढ्यात सगळं होतं. रविवारी वाटण जास्तीचं परतून थंडाव्यात ठेवलं, तर दोन-तीन दिवस अर्ध्या तासात रस्सा तयार होतो. रात्रीचा रस्सा सकाळी गरम करून त्यात शिळी भाकरी चुरावी, वरून कच्चा कांदा घ्यावा. बेसनाच्या त्याच एका वाटीत दुसऱ्या दिवसाची न्याहारीही निघते.