नऊ पैचं तिकीट, वीस फुटांचा देव

उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच निघाली की उजव्या हाताला घारापुरीचे दोन डोंगर दिसायला लागतात. रोज जा-ये करणारी मंडळी तिकडे फारशी बघत नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळाकडे आणि पाण्याकडे. ओहोटी लागली की मोऱ्याच्या गाळात लाँच अडते, हा त्यांचा खरा विषय. पण त्या डोंगराच्या पोटात कोरलेला देव एके काळी भारतातल्या गावोगावच्या टपालपेटीत पडत होता, आणि त्यासाठी मोजायचे होते फक्त नऊ पै.

नऊ पै म्हणजे किती, हे आता आजोबांनाच विचारावं लागेल. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे नऊ पै हा पाऊण आणा. 15 ऑगस्ट 1949 रोजी, स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली त्या दिवशी, टपाल खात्याने सोळा तिकिटांची नवी मालिका काढली. सर्वांत स्वस्त तिकीट तीन पैचं, सर्वांत महाग पंधरा रुपयांचं. त्यातल्या नऊ पैच्या हिरव्या तिकिटावर होती घारापुरीची त्रिमूर्ती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नऊ पैचं पोस्टकार्ड निघालं, त्यावरही तीच. पोस्टकार्ड म्हणजे गरिबाचं टपाल. मुंबईच्या गिरणीतून कोकणातल्या घरी खुशाली कळवायची तर कार्डच. घारापुरीचं नावही न ऐकलेल्या माणसांनी तो चेहरा हातात धरला होता.

या बदलाची मौज कळायला आधीची तिकिटं आठवावी लागतात. 1854 साली देशभर चालणारी तिकिटं आली, त्यावर राणी व्हिक्टोरिया होती. नंतर एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, मग सहावा जॉर्ज. जवळजवळ शतकभर या देशातल्या माणसाने आईला पत्र लिहिलं तरी कोपऱ्यात राजाचं मुंडकं चिकटवावं लागे. 1949 साली नेहमीच्या वापराच्या तिकिटांवरून ते मुंडकं उतरलं. त्या जागी दुसऱ्या कुणा सत्ताधाऱ्याचा चेहरा बसवता आला असता. तसं करणारे देश कमी नाहीत. आपण बसवले दगड. अजिंठ्याचं हत्तीचं शिल्प, कोणार्कचा घोडा, नटराज, सांचीचं तोरण, बोधगयेचं मंदिर, विजापूरचा गोल घुमट, अमृतसरचं सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार, पालिताण्याचं जैन मंदिर. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, मुसलमान, सगळ्यांची कारागिरी एकाच मालिकेत. फाळणीला दोनच वर्षं झाली होती हे लक्षात घेतलं, तर ही निवड किती विचारपूर्वक केली होती ते कळतं. माझ्या मते आपल्या टपाल खात्याने याहून चांगली मालिका आजवर काढलेली नाही.

घारापुरीच्या लेण्यातली ती मूर्ती साधारण वीस फूट उंच आहे, सहाव्या शतकाच्या आसपासची. तीन मुखं दिसतात: मधलं शांत, एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं कोमल, स्त्रीसुलभ. ब्रह्मा, विष्णू, महेश असा समज पूर्वी रूढ होता. अभ्यासक तिला सदाशिव म्हणतात, म्हणजे तिन्ही मुखं शिवाचीच. लेण्यात आत आत जावं तसा उजेड कमी होतो आणि त्या अर्धवट अंधारात ती भिंतीतून पुढे येते. ही वीस फुटांची भव्यता अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या कागदात कशी मावली? मावली, कारण घडवणाऱ्यांनी तिला मुळातच खोल सावल्यांवर उभी केली आहे. ओठ, पापण्या, मुकुट यांच्या रेषा इतक्या ठाम आहेत की एकाच हिरव्या शाईत, बोटभर चौकटीतही, चेहरा हरवत नाही.

हे तिकीट छापलं गेलं नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. भारताची तिकिटं त्याआधी अनेक वर्षं लंडनहून छापून जहाजाने यायची. 1926 पासून ती नाशिकला छापली जाऊ लागली. म्हणजे शिल्प उरण तालुक्यातलं आणि छपाई नाशिकची. याच मालिकेत एक गंमतही घडली. एक आण्याच्या तिकिटावरची बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. चूक लक्षात आल्यावर 1950 साली सुलट तिकीट काढलं. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली की चूक लगेच दिसते. एकटं पाहिलं तर भल्याभल्यांना कळत नाही.

एक फरक मात्र सांगायला हवा. ही त्रिमूर्ती नेहमीच्या वापराच्या तिकिटावर होती. अशी तिकिटं संपली की पुन्हा छापतात. स्मारक तिकिटाचं तसं नसतं. एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या, वास्तूच्या निमित्ताने ते ठरावीक संख्येत निघतं आणि संपलं की संपलं. भारतात अशी पहिली मालिका 1931 साली निघाली, नव्या दिल्लीच्या उद्‌घाटनाची. 1935 साली पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया आला. पण राजा होताच. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं: तिरंगा आणि ‘जय हिंद’.

पुढच्या वर्षी गांधीजींची तिकिटं निघाली आणि ती छापली स्वित्झर्लंडमध्ये. जन्मभर स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या माणसाची तिकिटं परदेशी छापखान्यात! त्याची भरपाई म्हणावी तर 2011 साली झाली. त्या वर्षी गांधीजींचं तिकीट चक्क खादीच्या कापडावर छापलं गेलं.

महाराष्ट्राच्या वाट्याला स्मारक तिकिटांतलं बरंच आलं. टिळक, शिवाजी महाराज, रमाबाई रानडे, आंबेडकर, दादासाहेब फाळके, जोतिबा फुले. पण सर्वांत विलक्षण गोष्ट अण्णासाहेब कर्व्यांची. 18 एप्रिल 1958 रोजी ते शंभर वर्षांचे झाले, आणि त्याच दिवशी त्यांचं तिकीट निघालं. स्वतंत्र भारतात हयात भारतीयाचं तिकीट निघण्याची ती पहिलीच वेळ. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला, स्वतः विधवेशी लग्न केल्यामुळे गावाने वाळीत टाकलेला माणूस, आणि त्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत पत्रांवर चिकटून गावोगाव जातो! वाळीत टाकणाऱ्यांच्या नातवंडांनीही ते तिकीट लावलं असेल, जिभेने ओलं करून.

मोऱ्याच्या कोळीवाड्याला जवळचं वाटावं असं एक तिकीट 1999 चं आहे. सागरी वारशाच्या त्या तिकिटावर सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं, 1700 च्या सुमाराचं जहाज आहे. याच किनाऱ्यावरून खाली उतरलं की खांदेरी लागते, कान्होजींच्या दबदब्याची जागा. अलीकडच्या तिकिटांत मला हे सरस वाटतं. नेत्यांच्या ठोकळेबाज चित्रांपुढे तर फारच.

लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून फोर्टात गेलात तर मुंबईचं जीपीओ लागतं. 1913 साली पूर्ण झालेल्या या इमारतीचा आराखडा जॉन बेग यांचा, आणि तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. म्हणजे सहा आण्याच्या तिकिटावर असलेली वास्तू टपाल खात्याने आधीच स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. इथेच फिलाटेलिक ब्युरो आहे. नवी स्मारक तिकिटं छापील किमतीलाच मिळतात.

एक खंत आहे ती इथेच नोंदवतो. घारापुरीचा देव 1949 साली देशभर पोचला, पण घारापुरी बेटावरच्या गावांत वीज पोचायला 2018 साल उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर.

आता एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा असेल तर तो उघडा. हिरवी त्रिमूर्ती दिसली तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, पोस्टकार्डाचा कोपरा कातरू नका. नऊ पैचं ते तिकीट काही दुर्मीळ नाही, सुटं झालं तर त्याला फारशी किंमतही नाही. पण त्यावर गावाचा आणि तारखेचा शिक्का असेल आणि खाली आजीचा मजकूर असेल, तर ते कार्ड जगात एकच आहे. ते अख्खं ठेवा.