चिरंजीवाचा शेवटचा भाग

मुलाला पत्र लिहितांना नांवाआधीं 'चि.' घालण्याची आपल्या घरांतील चाल आतां पत्रांबरोबरच मागें पडत चालली आहे. मुंजीच्या व लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांवर तेवढी ती टिकून आहे. गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या नातवाची लांबलेली मुंज महाडच्या घरीं झाली. पत्रिका छापून आल्या तेव्हां आपल्या नांवामागील तें अक्षर पाहून तो आम्हांस म्हणाला, "आजोबा, चिरंजीव म्हणजे मारुती ना? मग मी कसा?" हा आशीर्वाद आहे, पदवी नव्हे, असें आम्हीं सांगितलें, आणि सातही चिरंजीवांचीं नांवें घेऊन दाखविलीं : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. त्यानें तीं निमूटपणें ऐकून घेतलीं आणि म्हटलें, "पण मारुतीचा सुद्धां शेवटचा भाग आलाच होता."

चौतीस वर्षें वर्गांत उभे राहिल्यावर मुलांच्या प्रश्नास लागलींच उत्तर देऊं नये, एवढें तरी आम्ही शिकलों आहों. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

ज्या घरांत लहान मुलें नाहींत त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. मारुतीवर हलत्या चित्रांचे, म्हणजे ज्यास आतां सर्रास ॲनिमेशन म्हणतात तसे, दोन मोठे हिंदी चित्रपट निघाले. पहिला 'हनुमान', २००५ सालचा. त्याचे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत व मिलिंद उके. दुसरा 'रिटर्न ऑफ हनुमान', २००७ च्या डिसेंबरांतला; तो अनुराग कश्यप यांनीं दिग्दर्शित केला. पुढें इतरांनींही मारुतीवर चित्रें काढलीं, मालिका काढल्या. परंतु मुलांच्या हिशेबीं 'पहिला भाग' आणि 'शेवटचा भाग' म्हणजे हेच दोन. पूर्ण लांबीचें हलतें चित्र आपल्याकडे चित्रगृहांत चालूं शकतें, असा भरंवसा व्यापारी मंडळींना पहिल्या चित्रानें आणून दिला.

तसें पाहिलें तर मारुतीची कथा पडद्यावर आणणें ही मराठी माणसाची जुनी हौस आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१७ सालीं 'लंकादहन' काढलें; त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. त्याच्याही थोडें आधीं फाळक्यांनीं 'आगकाड्यांची मौज' नांवाचा एक लहानसा खेळ तयार केला होता. काड्या केसभर सरकवावयाच्या आणि दर वेळीं एकेक चित्र टिपावयाचें. पडद्यावर पाहावें तों काड्या आपोआप चालूं लागतात. ॲनिमेशनचें सारें मर्म एवढेंच आहे. एका सेकंदांत चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. एकच चित्र दोन चौकटींना पुरविलें तरी सेकंदामागें बारा चित्रें लागतात, आणि दीड तासाच्या कथेला ६४,८०० ! हा गुणाकार आम्हीं नातवास पाटीवर करावयास लाविला, तेव्हां कुठें त्याच्या तोंडून त्या अनाम चित्रकारांविषयीं आदराचा एक शब्द निघाला.

पहिल्या चित्राविषयीं आमचें मत अनुकूल आहे. कथा कांहीं वाल्मीकीची, कांहीं लोकांच्या तोंडची. निवेदनाचा आवाज मुकेश खन्ना यांचा. दूरदर्शनच्या 'महाभारतां'त भीष्म म्हणून घरोघर त्यांना ओळखत. बाळमारुती सूर्याला फळ समजून झेप घेतो आणि इंद्राच्या वज्राचा तडाखा खातो, हा भाग मुलांस फार प्रिय. आम्हांस मात्र त्यापुढची गोष्ट मोलाची वाटते. त्याच्या खोड्यांना कंटाळून ऋषींनीं शाप दिला कीं, तुला तुझ्या बळाचा विसर पडेल. कोणी आठवण देईल तेव्हांच तें तुला परत लाभेल. समुद्रकांठीं सारे वानर हताश होऊन बसले असतां म्हातारा जांबवंत ती आठवण देतो. अमेरिकेचा सुपरमॅन चष्मा लावून आपलें बळ जगापासून लपवितो. आपला मारुती लपवीत नाहीं, विसरतो. आणि दुसऱ्यानें हांक मारल्याखेरीज त्याचें त्याला तें सांपडत नाहीं. जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या मनुष्यास जांबवंताविषयीं थोडी अधिक आपुलकी वाटली तर वाचकांनीं हंसूं नये.

दुसऱ्या चित्राचा आम्हांस प्रथम संतापच आला. चित्रगुप्तापुढें संगणक, ब्रह्मदेवाच्या दरबारांत कचेरीचा थाट, देवादिकांच्या तोंडीं बाजारी विनोद! आम्ही उठून जाऊं लागलों, तों मुलांच्या आजीनें पदर तोंडाला लावून हंसत आम्हांस खालीं बसविलें. "अहो, बसा. कीर्तनांत बुवा नारदाची थट्टा करतात तेव्हां मान कोण डोलावतं?" यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

कथा अशी : बजरंगपूर गांवीं मिंकू नांवाचा एक दुबळा मुलगा आहे, दांडगीं पोरें त्याला छळतात. स्वर्गांतून तें पाहून मारुतीच्यानें राहवत नाहीं. तो मनुष्यजन्म मागून घेतो आणि त्याच गांवांत मारुती नांवाचा पोरगा होऊन येतो. पुढें राहुकेतूंशीं जी लढाई होते तिच्यांत गोंगाट फार आणि कथा थोडी. पण एका मुलाच्या डोळ्यांतील पाण्यासाठीं देव खालीं उतरतो, एवढें मुलांच्या मनांत जें बसतें तें निघत नाहीं.

२०२० च्या मार्चांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि पुण्याचीं मुलें, सुना, नातवंडें सारीं महाडास एकत्र आलीं. त्या दिवसांत हीं दोन चित्रें घरांत किती वेळां लागलीं याची गणती नाहीं. रामकथा चालेल तेथें मारुतीरायासाठीं एक आसन मोकळें ठेवावें, हा परिपाठ आपणां सर्वांस ठाऊक आहे. आजी दूरदर्शनसंचापुढें देवघरांतला पाट मांडी आणि कोणाला त्यावर पाय ठेवूं देत नसे. संगणकवाल्या चित्रगुप्ताच्या वेळींही पाट मांडलेला असे!

या परिपाठाचें मूळ उत्तरकांडांत पाहावें. रामापाशीं मारुती मागणें मागतो, कीं पृथ्वीवर जोंवर रामकथा चालेल तोंवर माझे प्राण या देहांत राहोत. आणि राम तें मान्य करतो. अमृत पिऊन तो अमर झालेला नाहीं. त्याचें आयुष्य कथा सांगणाऱ्याच्या मुखावर अवलंबून आहे. तेव्हां ज्याचें जिणेंच कथेला बांधलेलें, त्याच्या कथेला शेवटचा भाग असेल कसा? नातवाच्या प्रश्नाला हें उत्तर आमच्याजवळ तयार होतें. पण तें आम्हीं दिलें नाहीं, कारण पूर्वीं एकदां तें देऊन पाहिलें होतें.

२०२१ च्या जुलैची ती २१ तारीख. सावित्री-गांधारीच्या कांठच्या आमच्या गांवाला पुराचें पाणी नवें नाहीं. पायरी बुडाली कीं तांदुळाचे डबे माडीवर चढवावयाचे, ही संवय घरोघर आहे. त्या रात्रीं पाणी संवयीपलीकडे चढलें. वीज गेली, फोन बंद पडले. आम्ही अकरा माणसें माडीवर दाटीनें बसलों होतों. खालीं काळोखांत भांडीं तरंगत एकमेकांवर आपटत होतीं. संच आणि आजीचा पाट दोन्ही खालींच राहिले होते. मुलांनीं भिऊं नये म्हणून आधीं भीमरूपी म्हटली. ज्या तालुक्यांत शिवथरघळ आहे तेथें समर्थांचें तें स्तोत्र न येणारें मूल विरळा. मग मुलांनीं चित्राची गोष्ट मागितली. वीज नाहीं, तर तोंडानें सांगा! आम्हीं दुसऱ्या भागाची सांगूं लागलों, कारण ती हंसविणारी. मिंकूला पोरें मारतात आणि मारुती खालीं यावयास निघतो, येथवर आल्यावर हा नातू, त्या वेळीं आठ वर्षांचा, मध्येंच म्हणाला, "आतां येईल का?"

आम्हीं तें उत्तरकांडाचें उत्तर दिलें. आपण त्याची गोष्ट सांगत आहों, म्हणजे तो येथें आहेच. मूल त्यावर विश्वासून निजलें. पुढें पाणी उतरलें आणि आम्ही वांचलों. पाट परसांत चिखलांत सांपडला. संच गेला तो गेलाच.

२२ जुलैला आमच्याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली होती. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेंही डोंगर घरांवर आले. आमची बहुतेक नोकरी पोलादपुरास झाली. त्या बाजूचीं मुलें पावसांत इरलें घेऊन आमच्या वर्गांत येत असत. रस्ते पाण्याखालीं गेलेले, त्यामुळें बाहेरची मदत पोहोंचेपर्यंत आजूबाजूच्या गांवचीं माणसेंच माती उपसत होतीं. तळियेचीं कित्येक माणसें शेवटपर्यंत सांपडलींच नाहींत. त्यांना मृत मानावें लागलें.

हीं वर्तमानें मुलांपासून लपविण्याजोगीं नव्हतीं. आम्ही ओटीवरचा चिखल ओढीत होतों, नातू बादली धरून जवळ उभा होता. त्यानें एवढेंच विचारलें, "तिथं कोणी गोष्ट सांगत नव्हतं का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं. एका पोराला निजविण्यापुरतें आपण एक शास्त्रवचन वापरलें आणि त्यानें तें पुरतें खरें धरलें, याची लाज मात्र फार वाटली. त्या वर्षीं ठरलेली मुंज राहिली ती राहिलीच.

आतां तो बारा वर्षांचा आहे आणि त्याचीं चित्रें निराळीं आहेत. गेल्या वर्षीं चुलतभावाबरोबर त्यानें अमेरिकेच्या एका महावीरमालेचें शेवटचें चित्र पाहिलें. सुपरमॅन, बॅटमॅन इत्यादिकांची ही माला २०१३ सालीं 'फ्लॅशपॉइंट पॅरडॉक्स' या चित्रानें सुरू झाली आणि २०२० सालीं 'अपोकोलिप्स वॉर' या चित्रानें संपली. तें लहान मुलांकरितां काढलेलें नाहीं, आणि आधीं विचारलें असतें तर आम्हीं पाहूं दिलें नसतें. डार्कसाइड नांवाचा असुर पृथ्वी उजाड करून टाकतो. मोठमोठे वीर मरतात, कांहीं तर शत्रूचे दास होऊन आपल्याच मित्रांवर उठतात. शेवटीं शत्रू हटला तरी पृथ्वी जगण्याजोगी उरत नाहीं. तेव्हां फ्लॅश नांवाचा वेगवान वीर काळाच्याही मागें धांवत सुटतो, म्हणजे सारें जग पुन्हां पहिल्यापासून मांडलें जावें. माला तेथें संपते.

नातवानें हें सांगितलें तेव्हां आम्ही कौतुकानें म्हणूं लागलों कीं, यांत परकें कांहीं नाहीं. आपल्याकडेही प्रलय होतो आणि ब्रह्मदेव पुन्हां सृष्टि मांडतो. तो एकदम चिडला. "पहिल्यापासून मांडलं तर मेलेली माणसं मेलीच नाहींत असं होतं. मग मरायच्या आधीं त्यांनीं जें केलं तें कुठं गेलं?"

युद्धकांडाच्या अखेरीस रामाच्या सांगण्यावरून इंद्र मेलेल्या वानरांना उठवितो, हें आम्हांस आठवत होतें. भारतांत अभिमन्यु उठत नाहीं, हेंही आठवत होतें. दोन्ही काव्यें आपलींच. पण मुलानें त्यांतली आपली बाजू निवडली होती, आणि ती कोठें निवडली हें आम्हांस ठाऊक होतें. आम्ही गप्प बसलों.

मारुतीचा तिसरा भाग तो स्वतःच काढीत आहे, हें आम्हांस मुंजीच्या गडबडींत कळलें. वहीच्या कोपऱ्यांत पानागणिक एक चित्र काढावयाचें आणि मग पानें अंगठ्याखालून भरकन सोडावयाचीं. त्यांत मारुती उडत नाहीं, पर्वत उचलीत नाहीं. डोक्याला फडकें बांधून तो चार माणसांच्या रांगेंत फावड्यानें माती ओढतो. शेंपटी नसती तर ओळखूं आला नसता. मातीखालून कोणी जिवंत निघत नाहीं. "मग शेवट काय?" असें आम्हीं विचारलें. "शेवट अजून नाहीं. तो खणतोय." शहाण्णव चित्रांवर वही संपली होती, सेकंदाला बारा या हिशेबानें आठ सेकंद झाले.

मुंजीचे पाहुणे गेल्यावर तो दुसरी वही मागावयास आला. आम्हीं पोलादपूरच्या नोकरींतल्या आपल्या जुन्या टांचणांच्या वह्या काढल्या. पुराच्या वेळीं त्या खालच्या कपाटांत होत्या. भिजून, वाळून फुगल्या आहेत. मागचीं पानें कोरीं आहेत, पण प्रत्येक पानाच्या तळाशीं चिखलाची तपकिरी रेघ उमटली आहे. बाजारांतून नव्या आणून देतों म्हटलें, तर नको म्हणाला. त्या रेघेवर मारुतीचे पाय टेकविले म्हणजे जमीन वेगळी काढावी लागत नाहीं.