एक नोंद, दोन नावे

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. २०१९ मध्ये त्यास ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव देण्यात आले. नाव बदलले तरी संस्था तीच राहिली. संगणकाच्या आज्ञावलीतही असा प्रसंग वारंवार येतो.

वस्तुकेंद्री आज्ञावलीत नोंदीचा तपशील आत सुरक्षित ठेवलेला असतो. तो वाचण्यासाठी एक आणि बदलण्यासाठी दुसरी, अशा दोन कृती ठरवून दिलेल्या असतात. समजा, ग्रामपंचायतीच्या आज्ञावलीत ‘घरपट्टी’ या नावाबरोबरच ‘मालमत्ता कर’ हे नावही चालावयास हवे आहे. आकडा दोन ठिकाणी साठविल्यास एकात दुरुस्ती होईल व दुसरा तसाच राहील. त्याऐवजी मूळ कृतीसच दुसरे नाव जोडणे श्रेयस्कर होय. जपानमध्ये तयार होऊन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुबी भाषेत ‘एलियस’ या आज्ञेने हे साधते.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक आहे. वाचणे व बदलणे या कृती भिन्न असल्याने दोहोंस स्वतंत्रपणे पर्यायी नाव द्यावे लागते. शिवाय, रुबीतील पर्यायी नाव ते जोडतेवेळच्या कृतीशी बांधलेले राहते. पुढे रक्कम पूर्ण रुपयांत देण्यासाठी ‘घरपट्टी’ची कृती नव्याने लिहिली, तरी ‘मालमत्ता कर’ हे नाव पूर्वीचाच आकडा देईल. परिणामी एकाच घराच्या दोन कागदांवर दोन रकमा येतील. म्हणून मूळ कृती बदलताच पर्यायी नाव पुन्हा जोडावे.

नावे दोन असली, तरी नागरिकास उत्तर एकच मिळाले पाहिजे.