एच. आय. व्ही.सह जगणाऱ्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती

भारतात एच. आय. व्ही.चा संसर्ग प्रथम आढळला तो १९८६ साली. त्यानंतर कित्येक वर्षे या आजाराकडे तरुणपणीच्या मृत्यूचे कारण म्हणूनच पाहिले गेले. १ एप्रिल २००४ पासून ‘ए. आर. टी.’ या नावाने ओळखली जाणारी विषाणुरोधक औषधे शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला आणि चित्र पालटले. चाळिशीत औषध सुरू केलेली माणसे आज साठी ओलांडीत आहेत. या समाधानकारक गोष्टीबरोबरच एक नवा प्रश्नही पुढे आला आहे. यांपैकी काहींची स्मरणशक्ती, अवधान आणि कामाची आखणी करण्याची क्षमता वयाच्या मानाने लवकर मंदावते.

हा विषाणू संसर्गानंतर थोड्याच काळात मेंदूपर्यंत पोहोचतो. मज्जापेशींवर तो थेट हल्ला करीत नाही. मेंदूतील संरक्षक पेशींत ठाण मांडतो, आणि तेथील दीर्घकालीन दाहामुळे मज्जापेशींची हानी होते. औषधांनी विषाणू आटोक्यात आला तरी हा दाह पूर्णपणे शमतोच असे नाही. उपचार उशिरा सुरू झालेल्यांना धोका अधिक असतो. मधुमेह, रक्तदाब व मद्यपान यांची त्यात भर पडते. तीव्र स्मृतिभ्रंश आता विरळा झाला आहे. आढळतो तो सौम्य प्रकार.

सौम्य म्हणजे काय, हे एखाद्या गावाच्या नित्य व्यवहारात पाहिले म्हणजे स्पष्ट होते. निफाड तालुक्यातील विंचूर येथे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याच्या लिलावात भाव भराभर पुकारले जातात आणि वजन व भाव यांचा मेळ शेतकरी मनातल्या मनात घालतो. जन्मभर हा हिशेब तोंडपाठ असलेल्या एखाद्या गृहस्थाला हिशेबपट्टी दोनदा वाचूनही उमगेनाशी होते. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. पण जो हिशेब चुकतो तो रोजची गोळीही विसरू शकतो. औषधात वरचेवर खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारे प्रकारही निर्माण होऊ शकतात. म्हणून हा विसर केवळ म्हातारपणाच्या खाती टाकून चालणार नाही.

प्रथम बरे होण्याजोगे कारण शोधावे लागते. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मानसिक खिन्नता किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसराळू वाटतो. शिक्षण कमी असलेल्यांची परीक्षा केवळ लेखी चाचणीवर घेतली तर निष्कर्ष फसवा निघतो. पूर्वी सहज जमणारे कोणते काम आता जमत नाही, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

पुनर्वसनाच्या दोन वाटा आहेत. पहिली मेंदूच्या सरावाची. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात मध्यमवयीन व वृद्ध अशा ४६ एच. आय. व्ही.बाधितांवर झालेल्या एका लहान प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संगणकावरील सरावाने पाहिलेली गोष्ट चटकन टिपण्याचा वेग वाढल्याचे त्यात दिसले. मात्र अशा सरावाचा लाभ सराव केलेल्या कामापुरता जितका ठळक दिसतो, तितका तो रोजच्या जीवनात उतरेलच याची शाश्वती नाही.

ग्रामीण भागाला दुसरी वाट अधिक जवळची आहे. उणीव मान्य करून तिच्याभोवती दिनक्रमाची मांडणी करणे, ही ती वाट. गोळी सकाळच्या चहाशी जोडावी, औषधाची जागा एकच ठेवावी, मोबाइलचा गजर लावावा, केंद्रात जाण्याचा दिवस दिनदर्शिकेवर केवळ खुणेने नोंदवावा. नियमित चालणे आणि चारचौघांत मिसळणेही यातच येते.

खरी अडचण निराळीच आहे. आठवण करून देण्यास दुसरे माणूस हवे, आणि दुसऱ्याला सांगायचे म्हणजे आजार उघड होण्याची भीती. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, अशा गावात ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. व्यक्तीच्या संमतीवाचून तिची एच. आय. व्ही. स्थिती उघड करण्यास, काही मोजके अपवाद वगळता, या कायद्याने मनाई केली आहे. कोणाला सांगावयाचे, हे त्या व्यक्तीनेच ठरवावे.

सुदैवाने बरेचसे साहाय्य आजाराचे नाव न विचारता करता येते. अनुदानाच्या कागदपत्रांसाठी आलेला वृद्ध तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारू लागला, तर ग्रामपंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने त्याला तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, एका वेळी एकच काम सांगावे आणि ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. कोणत्याही विसराळू वृद्धासाठी हे करावेच लागते. वैद्यकीय बाजूसाठी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ए. आर. टी. केंद्र आहे. रक्ततपासणीचा अहवाल उत्तम असला तरी त्यावरून स्मृतीची स्थिती कळत नाही. म्हणून विसरण्याची तक्रार रुग्णाने तेथील समुपदेशकाला स्वतःहून सांगावयास हवी. नाव न सांगता माहिती हवी असल्यास १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.